सबनीस सरांचं ना हरकत पत्र

सबनीस सरांना मी अकरा वर्षं ओळखत होतो. त्यातली पहिली पाच मी त्यांचा आदर करण्यात घालवली, याची मला लाज वाटते. उरलेल्या सहांत आदर पार धुऊन निघाला होता, तरी जिन्यात ते समोर आले की माझे हात आपोआप जोडले जात. त्याची लाज जास्त वाटते.

आमची सोसायटी वाशीतली, सोळा बिऱ्हाडांची. एकही बिऱ्हाड मूळचं तिथलं नव्हतं. कुणी गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून आलेलं, कुणी साताऱ्याहून बदली होऊन, मी राजापूरहून परळमार्गे. खाडीपलीकडे बऱ्यापैकी घर मिळतंय म्हटल्यावर आम्ही सगळे धावलो, आणि दोन वर्षांत ‘बाहेरची माणसं’ या विषयावर तावातावानं बोलू लागलो. सर आमच्यात वयानं मोठे. दादरच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून ते झाले. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाला होऊ दिलं नाही. मी जॉइंट सेक्रेटरी होतो, म्हणजे ते बोलायचे आणि मी लिहून घ्यायचो.

माणूस दिसायला छान होता. उंच, ताठ, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. निळं स्वतःसाठी आणि लाल दुसऱ्यांसाठी. कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी लाल पेन काढत, चुका दुरुस्त करून पत्रिका परत देत आणि वर म्हणत, “लग्नाला येतोच, पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा.” लोक हसायचे, पुढच्या वेळी मसुदा आधीच दाखवायला आणायचे. सरांना हेच हवं असे.

जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत. आम्हाला वाटायचं दम लागतो. दम बिम काही नव्हता, ते वास घेत. दोन नंबरकडे सुकट, पाच नंबरकडे कांदा-लसूण जास्त, दहा नंबरच्या भाडेकरूंकडे खोबरेल तेलातली फोडणी. दहा नंबरला केरळच्या दोन नर्स राहत होत्या. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांचा करार संपला आणि पुन्हा झाला नाही. घरमालकाला सरांनी एवढंच सांगितलं होतं की मुली गुणी आहेत, त्यांना हॉस्पिटलजवळ जागा मिळाली तर त्यांचेच कष्ट वाचतील. सरांच्या स्वतःच्या घरी दर रविवारी सुरमई तळली जायची. तो वास बहुधा जिन्यात येत नसावा.

त्यांचा आणखी एक नाद म्हणजे आडनावं. “आडनाव सांगा, मी गाव सांगतो,” हे ते गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही म्हणत. मग तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा आणि सर त्याच्या सात पिढ्यांची वाट लावताहेत. बरोबर आलं तर त्यांचा चेहरा फुलायचा. चुकलं तर ते त्या माणसाकडे कीव आल्यासारखं बघून म्हणत, “तुमच्या घरात कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही तुम्हाला.” आपलं गाव कुठलं हे आपल्यापेक्षा सरांना जास्त कळतं, अशी एकदा समजूत झाली की माणूस वाद घालत नाही. मीही घातला नाही. राजापूरचे तांबे मुळात घाटावरचे असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मी मान डोलावली.

पण शिकवायचे मात्र अप्रतिम. ते खोटं कशाला बोलू. दर रविवारी सकाळी नऊ वाजता खालच्या पार्किंगमध्ये ते मुलांना इतिहास सांगत. सोळा घरांत तेव्हा गाड्या तीनच, त्यामुळे सतरंज्या घालायला जागा भरपूर. मुलांच्या मागे हळूहळू आम्ही मोठेही खुर्च्या घेऊन बसू लागलो. राजे, लढाया, सनावळ्या यांत सर फारसे रमत नसत. त्यांचा विषय होता परकी माणसं. कोण कुठून परागंदा होऊन आलं, त्याला कुणी हाकललं, कुणी पोटाशी धरलं. युरोपातल्या शहरांत एका धर्माच्या लोकांना कशी वेगळी वस्ती करून संध्याकाळी फाटकाला कुलूप घालत, कुठल्या राजानं आपल्याच प्रजेला रातोरात जहाजांवर चढवलं, हे ते असं सांगत की मुलं चुळबुळ करायची थांबत. आणि मग ते कोकणाच्या किनाऱ्यावर येत. फुटलेलं गलबत, वाचलेले सात पुरुष आणि सात बायका. कुठल्या देशाची, कुठल्या देवाची माणसं, कुणाला ठाऊक नाही. त्यांना किनाऱ्यावरच्या गावांनी ठेवून घेतलं. ती तेलाचा घाणा चालवू लागली, शनिवारी काम बंद ठेवू लागली, म्हणून गावानं त्यांना शनवारतेली म्हटलं आणि विषय संपवला.

“चौदा माणसं,” सर म्हणत, आणि थांबत. चष्मा काढत. डोळे पुसत. “कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून.”

दर वेळी इथंच डोळे पुसायचे. मी पाच वर्षांत ही गोष्ट सात-आठ वेळा ऐकली आणि पहिल्या तीन वेळांना माझेही डोळे भरून आले होते. मग बैठकीत भाडेकरूंचा विषय निघाला की हाच माणूस निळं पेन उघडून म्हणायचा, “इतिहासाला मन मोठं लागतं, तांबे. सोसायटीला नियम लागतात.” हे वाक्य त्यांना फार आवडायचं. दोनदा तर त्यांनी ते मला इतिवृत्तात लिहायला लावलं.

सर कुणालाही थेट नाही म्हणत नसत, ही त्यांची खरी कला. समोरच्याला ते इतका मान देत की त्या मानाखाली तो दबून निघून जाई. बाळाराम भोईरचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. बाळाराम शेजारच्या गावातला. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्याच्या बापाची भातशेती होती. जमीन नव्या शहरासाठी गेली, बाळारामनं पाण्याचा टँकर घेतला. एका मे महिन्यात मोठी पाइपलाइन फुटली तेव्हा आठ दिवस त्याच्याच टँकरवर आमचं आंघोळ-पाणी चाललं. सर स्वतः खाली उभे राहून त्याला “या, भूमिपुत्र” म्हणत होते. त्यानंतर महिन्याभरानं बाळाराम स्वच्छ शर्ट घालून सरांकडे आला. त्याच्या मुलाचं लग्न झालं होतं, सून वाशीत नोकरीला होती, गावातलं घर भरलं होतं. तीन नंबरचा फ्लॅट भाड्यानं मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

सरांनी त्याला खुर्ची दिली. “बाळारामशेठ, तुम्ही या मातीचे मालक. तुम्ही आमच्यासारख्या उपऱ्यांच्या खुराड्यात राहायचं, हे मला बघवणार नाही. तुमची शोभा गावात. हळदी, मानपान, गोतावळा, ते सगळं इथं कसं मावणार?”

बाळाराम म्हणाला, “सर, पानी पायजे तवा बाळारामचा टँकर चालतो. रूम पायजे तवा बाळाराम मालक हाय. मंजे आमी राव्हाचा कुठं?”

सर कौतुकानं हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा, काय गोड बोली आहे.” बाळाराम उठला. चहा आला होता तो तसाच राहिला. नंतर कधी पाणी गेलं तर टँकर दुसरीकडून मागवावा लागे. त्याचं कारण काय ते बैठकीत कुणी विचारलं नाही.

सर धर्मवेडे होते असं समजू नका. धर्मवेड्या माणसाशी निदान भांडता येतं. मुंबईत दंगली झाल्या त्या हिवाळ्यात सरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ‘आपण कुठे चाललो आहोत?’ ते छापून आलं. त्याच्या सोळा झेरॉक्स काढून त्यांनी प्रत्येकाच्या दाराखालून सरकवल्या. पत्र उत्तम होतं. मी ते ऑफिसात नेऊन दाखवलं आणि आमचे सेक्रेटरी म्हणून मिरवलो.

त्यानंतर दीडेक वर्षानं एक नंबरचा फ्लॅट विकायला निघाला. तळमजल्यावरचा, माझ्या शेजारचा. मालक पुण्याला मुलाकडे चालला होता. त्याला गिऱ्हाईक मिळालं आणि अर्ज सरांकडे आला. सोसायटीच्या एनओसीशिवाय घर नावावर होत नसे, आणि एनओसी म्हणजे सर. अर्जावर नाव होतं, अ. र. दळवी. मूळ गाव म्हसळा, नोकरी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, पत्नी वाशीतल्याच शाळेत गणिताच्या शिक्षिका, दोन मुलं आणि आई. अक्षर मोत्यासारखं. सरांना लाल पेन काढायला एक जागा सापडली नाही.

“दळवी!” सर बैठकीत म्हणाले. “सैन्याच्या आघाडीला असणारी माणसं ही. म्हसळ्याची म्हणजे किल्ल्यावरची चाकरी असणार. तांबे, असं घराणं आपल्याकडे येतंय, लिहून घ्या.” आणि मी लिहून घेतलं. दळवी घराण्याच्या पराक्रमावर अर्धं पान. त्यात तलवारीही होत्या. ना हरकत पत्र सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, मी सोसायटीचा शिक्का मारला आणि ते पोस्टानं गेलं. मध्ये एकदा दळवींचा सरांना फोनही आला होता. पाणी किती वाजता येतं, आईला गुडघ्यांचा त्रास आहे तर दारात दोन पायऱ्या आहेत की तीन, असं विचारत होते. मराठी ऐकून सर खूश. “काय शुद्ध बोलतो हो माणूस,” असं दोन दिवस सांगत होते.

कोकणात दळवी, देशमुख, पाटील हे मुसलमानही असतात, हे राजापूरच्या माणसाला शाळेत जायच्या आधी माहीत असतं. मला माहीत होतं. अर्ज वाचताना डोक्यात येऊनही गेलं होतं. पण सरांचं आडनावांचं शास्त्र चालू असताना मध्ये बोलायची पद्धत नव्हती.

दळवी पहिल्यांदा आले ते शनिवारी संध्याकाळी, घराची मापं घ्यायला. मी सरांच्या घरीच होतो. सरांनी दार उघडलं, हात पुढे केला, “या, या दळवीसाहेब.” दळवी चाळिशीचे, बारीक, बुशशर्टातले. त्यांनी हातात हात दिला आणि म्हणाले, “मी अब्दुल रज्जाक दळवी. तुमचं पत्र मिळालं, सर. फार उपकार झाले.”

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही हललं नाही. तीस-पस्तीस वर्षं वर्गावर उभं राहिलेला माणूस तो. त्यांनी दळवींना बसवलं, चहा मागवला, म्हसळ्याला आंबा कसा आहे विचारलं. दळवी मोकळेपणानं बोलत होते. दंगलीत भायखळ्याची जागा सोडली, तेव्हापासून सगळे पनवेलला मेहुण्याकडे. दोन खोल्यांत नऊ माणसं, तिसरा मजला. आईला खाली उतरवायचं तर दोघांनी धरावं लागतं, म्हणून ती उतरतच नाही. “तिला फक्त दारात बसायला मिळालं पाहिजे, सर. बाकी आम्ही कसंही भागवू.” महिनाअखेर मेहुण्याच्या मुलाचं लग्न होतं, त्याआधी त्यांना ती खोली रिकामी करून द्यायची होती.

सर सगळं ऐकत होते. मग सहज म्हणाले, “ते पत्र आहे का बरोबर? एक जावक क्रमांक घालायचा राहिलाय. तांबे, राहिलाय ना?”

आमच्या सोसायटीला जावक वहीच नव्हती. कुठल्याही पत्राला कधी कसला क्रमांक नव्हता. मी म्हणालो, “हो, राहिलाय.”

दळवींनी शर्टाच्या खिशातून पत्र काढलं, घडी उलगडून सरांच्या हातात दिलं आणि वर “सॉरी” म्हणाले, जणू चूक त्यांची होती. सरांनी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. “उद्या रविवार. पुढच्या रविवारी या, घेऊन जा.” दळवी चहा संपवून गेले. दार लागल्यावर सर मला म्हणाले, “माणूस चांगला आहे. त्याचंच वाईट वाटतं. पंधरा घरांत एकटं पडायचं कुटुंब.” माझं वाईट वाटणं त्यांनी विचारलं नाही आणि मीही ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दळवी आले. सर म्हणाले, चेअरमन गावी गेलेत. त्याच्या पुढच्या रविवारी एक नवं परिपत्रक आल्याचं निघालं, ते वाचून घ्यायला हवं होतं. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी म्हसळा, प्रत्येक वेळी “टेन्शन घेऊ नका, दळवीसाहेब.” मूळ मालक मला विचारू लागला, काय अडलंय? मी म्हणायचो, सरांना विचारा. सर म्हणायचे, तांब्यांकडे कागद आहेत.

तिसऱ्या रविवारी दळवी आईला घेऊन आले. आज पत्र नक्की, असं सरांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून किल्ली घ्यायचीच तयारी करून आले असावेत. रिक्षातून उतरवून त्यांनी आईला पार्किंगमधल्या एका खुर्चीवर बसवलं. पांढरा पदर, जाड भिंगांचा चष्मा, हातात पानाचा डबा. समोर मुलं बसलेली, सर उभे, आणि नेमकी त्या दिवशी शनवारतेल्यांची गोष्ट. सरांनी दळवींना पाहिलं, मान हलवली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. गलबत फुटलं, चौदा माणसं किनाऱ्याला लागली, सरांनी चष्मा काढला.

म्हातारी खुर्चीतूनच म्हणाली, “आमचे शेजारीच व्हते ते.”

सगळी मुलं मागे वळली. ती काही भाषण करायला उभी राहिली नाही. बसल्या जागी, मुलाशी बोलावं तशी बोलत होती. “शनवारी ते इस्तू नाय पेटवायचे. मी तवा लहान पोर. आमची आय मला धाडायची, जा, त्यांची चूल पेटवून ये. मी जायाची, चूल पेटवायची, चाय टाकायची. त्यांची म्हातारी मला खोबऱ्याचा तुकडा देयाची. मंग ते सगळे बोटीनं दूर देशी गेले. जाताना आयच्या गल्यात पडून रडले. चुलीला हात लावून गेले.”

मुलं तिच्याकडे टक लावून बघत होती. आणि सर, हे मी कधी विसरणार नाही, सर घाईघाईनं खिशातून निळं पेन काढत होते. ते तिच्यासमोर सतरंजीवर बसले. म्हातारीच्या पायाशी बसून त्यांनी तिला प्रश्न विचारले. घर कुठं, नावं काय, घाणा कसा, खोबरं ओलं की सुकं. वीस मिनिटं ती सांगत होती आणि ते लिहून घेत होते. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. दळवींचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं, झालं काम. मलाही वाटलं. इतका निर्लज्ज कुणी असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

वही मिटून सर उठले, म्हातारीला वाकून नमस्कार केला. मग दळवींना जरा बाजूला घेऊन म्हणाले, “आईसाहेब म्हणजे खजिना आहे, जपा त्यांना. पत्राचं मात्र या महिन्यात जमेल असं दिसत नाही. आणि खरं सांगू, त्यांना इथं करमणारही नाही. आपल्या माणसांत राहायची सवय.”

दळवींना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी सरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. “तांबेसाहेब, जावक नंबर पडला का?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. मी चपलेकडे बघत म्हणालो, “अजून नाही.” ते आईजवळ गेले. तिनं विचारलं, “किल्ली दिली?” त्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत दोघं फाटकापाशी थांबले होते. म्हातारी एक नंबरच्या दारासमोरच्या पायऱ्या मोजत होती, बोटानं.

आठवड्याभरात मूळ मालकानं कंटाळून बयाणा परत केला आणि सरांनी सुचवलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर दिलं. त्याच सुमारास सरांनी माझ्याकडून इतिवृत्ताची वही मागून घेतली. परत आली तेव्हा दळवी घराण्याच्या पराक्रमाच्या अर्ध्या पानावर खळीनं कोरा कागद चिकटवलेला होता. इतका सफाईनं, की हात फिरवल्याशिवाय कळू नये. शाळेत हेच सर मुलांना सांगत असणार की दस्तऐवजाला हात लावणारा तो महापातकी. मी त्यांना म्हणालो, “सर, हे पान...” ते म्हणाले, “चूक दुरुस्त केली.” त्यासाठी लाल पेन का नाही वापरलंत, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

पुढच्या पावसाळ्यापासून रविवारच्या गोष्टीत भर पडली. चौदा माणसं, चष्मा, डोळे, आणि मग, “म्हसळ्याकडच्या एका वृद्ध मातेनं मला स्वतः सांगितलेली आठवण आहे.” चूल, खोबऱ्याचा तुकडा, निरोप, सगळं जसंच्या तसं. त्या मातेचं नाव नाही, धर्म नाही, ती कुठं भेटली याचा पत्ता नाही. पुढे ती आठवण एका दिवाळी अंकात लेख म्हणून छापूनही आली, सरांच्या फोटोसकट. सोसायटीनं त्यांचा सत्कार केला. शाल मी आणली होती. घरी आल्यावर माझी बायको सुधा म्हणाली, “त्या बाईकडून एवढं सगळं घेतलं, आणि दोन पायऱ्यांचं घर तेवढं तिला दिलं नाही.” पुढच्या रविवारपासून तिनं आमच्या मुलीला खाली पाठवायचं बंद केलं. मी जात राहिलो. जॉइंट सेक्रेटरी होतो ना.

त्यानंतर चारेक वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली आणि मी फ्लॅट विकायला काढला. एजंटनं चार ठिकाणी सांगितलं असावं. एका दुपारी फोन आला.

“तांबेसाहेब, मी दळवी. तळोज्याचा. आठवतोय का?”

मी म्हणालो, आठवतोय. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

“तुमचा फ्लॅट निघालाय म्हणे. तळमजलाच ना तुमचा? एक नंबरच्या शेजारी?” त्यांच्या आवाजात कुरबुर नव्हती. “आम्ही अजून पनवेललाच आहोत. दुसरी जागा घेतली भाड्यानं, तीही तिसऱ्याच मजल्यावर. आई आहे. ती विचारत असते, त्या पार्किंगवाल्या घराचं काय झालं. या वेळी सरांशी आधी तुम्ही बोललात तर होईल का काही? मी लागेल तेवढं थांबायला तयार आहे.”

मला दोन महिन्यांत पुण्याला जायचं होतं. मुलीची अॅडमिशन व्हायची होती. सरांशी बोलायचं, म्हणजे बैठक, परिपत्रक, भांडण, कदाचित कोर्ट. सरांनी नाही म्हटलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. पण निदान त्यांना ते तोंडानं म्हणावं लागलं असतं, आणि मी ते सगळ्यांसमोर म्हणायला लावू शकलो असतो. घर माझं होतं. सुधानं स्वयंपाकघरात गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

“अहो, काय योगायोग,” मी म्हणालो. “कालच टोकन घेतलं हो.”

“असं का,” दळवी म्हणाले. “बरं, बरं. आईला सांगतो तसं.” आणि त्यांनी माझ्या बदलीबद्दल अभिनंदन केलं.

टोकन मी कुणाचंही घेतलेलं नव्हतं. ते घेतलं पंधरा दिवसांनी, डोंबिवलीच्या एका कुळकर्ण्यांकडून. एजंटनं त्याआधी दोन नावं सांगितली होती, ती ऐकूनच मी नको म्हटलं होतं. सुधा त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

कुळकर्ण्यांचा अर्ज घेऊन मी सरांकडे गेलो, ती आमची शेवटची भेट. सर थकले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते. अर्ज त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. नाव वाचलं, गाव वाचलं, बाकीचं वाचलं नाही. पत्र मी तयारच करून नेलं होतं, त्यावर चाचपडत सही केली आणि माझ्या हातात दिलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

“तांबे, खरं सांगतो, मला धाकधूक होती,” ते म्हणाले. “तुम्ही कुणाला आणताय म्हणून. पण तुम्ही विचार करून माणूस निवडलात. मला एक शब्द बोलावा लागला नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर काम केलंत, ते वाया गेलं नाही.”

हात सोडवून घ्यावा असं मला वाटलं. मी तो तसाच राहू दिला. सरांच्या बायकोनं चहा आणला आणि मी तो घेतला. मग त्यांनी अजून अर्धा कप देऊ का, असं विचारलं, आणि मी कप पुढे केला.